‘ज्युरासिक पार्क’ला कोण घेऊन गेलं होतं?

मेहरूण तलावाला सकाळची फेरी मारताना हल्ली मी बरोबरच्यांना एक प्रश्न विचारतो. ‘ज्युरासिक पार्क’ पहिल्यांदा कधी पाहिला? समोरचा माणूस चाळिशी ओलांडलेला असेल तर तो चालता चालता थांबतोच. एकाने सांगितलं, पुढून तिसरी रांग मिळाली होती, मान वर करून करून अवघडली. दुसऱ्याला आठवत होते इंटरव्हलमध्ये घेतलेले खारे शेंगदाणे; डायनासोरने पहिली डरकाळी फोडली तेव्हा पुडी खाली पडली आणि ती शोधायला वाकायची हिंमत झाली नाही. एक काकू म्हणाल्या, शेजारच्या अनोळखी बाईचा हात धरला तो सिनेमा संपेपर्यंत सोडला नाही. याच काकूंनी पुढे मालिकेतला एकही भाग चुकवला नाही. २०२५ साली आलेला सातवा भाग त्यांनी नातवाला घेऊन पाहिला.

सिनेमाची गोष्ट मात्र यातल्या कोणीच सांगितली नाही. रांग, शेंगदाणे, कोणाचा तरी हात, एवढंच.

माझीही आठवण तशीच आहे. शाळेला सुट्टी, जळगावचं रणरणतं ऊन, थिएटरात भिंतीवरचे पंखे गरम हवा फेकताहेत. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला नाना, म्हणजे आमचे वडील. टी-रेक्स गाडीच्या काचेशी डोळा लावतो तेव्हा नानांनी माझ्या डोळ्यांवर हात ठेवला आणि मी बोटांच्या फटीतून पाहिलं. नाना जाऊन आता बारा वर्षं झाली. या मालिकेचा मी चाहता कसा झालो असं कोणी विचारलं की हीच हकीकत सांगत आलो आहे.

स्टीव्हन स्पीलबर्गचा हा सिनेमा अमेरिकेत १९९३ मध्ये आला आणि आपल्याकडे १९९४ मध्ये हिंदी बोलत आला. हे हिंदी बोलणं महत्त्वाचं. तोवर इंग्रजी पिक्चर म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांची गोष्ट. आमच्यासारख्या मराठी शाळेतल्या पोरांनी जायचं आणि नुसती चित्रं बघून यायचं. डब केलेला हॉलिवूडपट देशभर चालू शकतो, हे ठळकपणे दाखवलं ते या सिनेमाने.

गंमत अशी की सव्वादोन तासांपेक्षा थोड्या कमी लांबीच्या या सिनेमात डायनासोर पडद्यावर दिसतात जेमतेम पंधरा मिनिटं. बाकी सगळी वाट पाहायला लावणारी तयारी. ग्लासातल्या पाण्यावर उठणारी वर्तुळं आठवतात ना? गाडीच्या डॅशबोर्डखाली गिटारची तार बांधून ती छेडल्यावर ती वर्तुळं उमटली होती. आणि टी-रेक्सच्या डरकाळीत हत्तीचं पिल्लू, वाघ आणि अ‍ॅलिगेटर अशा तिघांचे आवाज मिसळले होते.

अशी वाट पाहताना शरीरात काय होतं? धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रेनलिन आणि त्याच्या जातीची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, तळवे घामेजतात. मेंदूतला अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग जागा होतो. शेजारी असलेल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी बांधणाऱ्या भागाला, तो जणू सांगतो की हे नीट जपून ठेव.

आपण तिकडे डरकाळ्या ऐकत होतो त्याच १९९४ साली लॅरी केहिल आणि जेम्स मॅकगॉ या अमेरिकी संशोधकांनी ‘नेचर’मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना चित्रांच्या स्लाइड दाखवत एक गोष्ट सांगितली. काहींच्या गोष्टीत साधासुधा दिवस होता, काहींच्या गोष्टीत मुलाला भीषण अपघात होत होता. त्याआधी काहींना प्रोप्रॅनोलॉल दिलं होतं, काहींना औषध नसलेली गोळी. एका आठवड्याने विचारलं तर बिनऔषधवाल्यांना अपघाताचा भाग जास्त चांगला आठवत होता. प्रोप्रॅनोलॉल घेतलेल्यांच्या आठवणीत मात्र तो वरचढपणा उरला नव्हता. साधी गोष्ट दोघांना सारखीच आठवत होती. प्रोप्रॅनोलॉल हे अ‍ॅड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध आहे. रक्तदाब, छातीतली धडधड, अर्धशिशी यांसाठी डॉक्टर ते देतात. (ज्यांची ही गोळी चालू आहे त्यांनी हे वाचून ती बंद करू नये. ती अशी अचानक थांबवणं धोक्याचं असतं.)

पण घाबरणं आणि आवडणं एक नव्हे. भीतीचं प्रेम कसं होतं, याचं एक उत्तर डॉल्फ झिलमन यांनी दिलं. धोका टळला तरी शरीरातली उत्तेजना लगेच ओसरत नाही. मुलं वाचली, हेलिकॉप्टर उडालं, तरी छाती धडधडतच असते आणि तीच धडधड सुटकेच्या आनंदात जाऊन मिळते. आनंद नेहमीपेक्षा मोठा वाटतो. भुताच्या गोष्टीनंतर पोरं खिदळतात ते यामुळेच.

सगळ्यांचं असं होत नाही, हेही सांगायला हवं. क्रिस्टन हॅरिसन आणि जोआन कँटर यांनी १९९९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लहानपणी पडद्यावर पाहिलेल्या भीतिदायक गोष्टींबद्दल विचारलं. बहुतेकांना असा एखादा अनुभव होता आणि साधारण चौघांपैकी एकाला त्याचा त्रास तेव्हाही होत होता. तेव्हा ‘आम्ही पाहिला, काही झालं नाही’ म्हणून पाच वर्षांच्या लेकराला शेवटपर्यंत बसवून ठेवू नये. ते उठून जायचं म्हणालं तर उठावं. तिकिटाचे पैसे गेले तर गेले.

वयाचाही हिशेब आहे. चाळिशीनंतर माणसाला आयुष्यातल्या आठवणी सांगायला लावल्या की साधारण दहा ते तिशीच्या वयातल्या आठवणींचा एक उंचवटा दिसतो. पहिलं प्रेम, पहिली नोकरी, पहिल्यांदा एकट्याने केलेला प्रवास, हे सगळं त्या काळातलं. सिनेमे आणि गाणीही त्यातलीच. म्हणून काकूंना पहिला भाग ‘खरा’ वाटतो आणि नातवाला सातवा. दोघांचंही चूक नाही.

ज्यांना तो वेळेवर पाहता आला नाही तेही यात आहेत. २०१५ च्या ‘ज्युरासिक वर्ल्ड’मध्ये उद्यानाचा मालक झालेल्या इरफान खानने सांगितलं होतं, की पहिला भाग आला तेव्हा त्याच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते.

एक मात्र खरं की या मालिकेच्या प्रेमात पडलेल्यांना विज्ञानाने बरेच धक्के दिले. २०१२ मध्ये न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून हिशेब निघाला की हाडातला डीएनए साधारण ५२१ वर्षांत निम्मा तुटतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या डासाच्या पोटातलं रक्त मग काय कामाचं! व्हेलोसिरॅप्टर प्रत्यक्षात टर्की कोंबड्याएवढा होता आणि त्याला पिसं होती. उलट मला लहानपणी डायनासोर म्हणजे अमेरिकेचीच जनावरं वाटायची, तर सातपुडा आणि नर्मदा ओलांडून धार जिल्ह्यात त्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी सापडल्याचं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. मेहरूणच्या बोरीबाभळींखालचा काळा दगडही त्यांच्या शेवटच्या दिवसांच्या आगेमागे वाहिलेल्या लाव्ह्याचाच.

बोरांवरून आठवलं. हा लेख लिहायला घेतला तेव्हा ताईला फोन केला. म्हटलं, नानांनी डोळ्यांवर हात ठेवला होता, आठवतं का तुला?

ताई म्हणाली, “काय बोली राहिला भाऊ तू! नाना कुठे होते? नानांची भुसावळला पाळी होती. मामाने नेलं होतं आपल्याला.”

मी म्हटलं, उन्हाळ्याची सुट्टी होती.

“उन्हाळा कसा असेल? फ्रॉकच्या खिशात मेहरूणची बोरं होती माझ्या. बिया तू पुढच्या माणसाच्या डोक्यावर मारत होता.”

बोरं थंडीतली. म्हणजे आमच्या थिएटरात सिनेमाच्या पेट्या उशिरा आल्या असणार, कारण मोठ्या शहरांत तो चालून गेल्यावर आमच्याकडे येई. गरम हवा फेकणारे पंखे मग कुठल्या सिनेमातले?

माझ्यासारखी गत झालेले पुष्कळ आहेत. २८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ यानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, बरोबर कोण होतं. अडीच-तीन वर्षांनी त्यांना तेच पुन्हा विचारलं. जवळपास पाव विद्यार्थ्यांची उत्तरं साफ वेगळी होती, आणि तरी पुष्कळांना आपल्या आठवणीची खात्री होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही नवी आठवण काही पुसली गेली नाही. आठवण दर वेळी सांगताना नव्याने जुळवली जाते, आणि भीतीने ठसलेल्या आठवणीत मधला प्रसंग पक्का राहिला तरी आजूबाजूची माणसं बदलू शकतात. नाना गेल्यानंतर मी ही हकीकत किती वेळा सांगितली असेन, मोजलेलं नाही.

शेवटी मामांना विचारलं. ते आता ऐंशीच्या घरात आहेत, ऐकायला कमी येतं. “डायनासोर? हां, तो मोठ्या पालीचा पिच्चर. मीच घेऊन गेलतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “पैसे तुझ्या बापाने दिले होते. पोरगा रोज मागे लागतो म्हणे, मला सुट्टी मिळत नाही, तू घेऊन जा.”

ताईला हे पटलेलं नाही. तिच्या मते पैसेही मामांचेच होते.