हरिण-शिकार, उच्च पर्वतीय

पर्वतमाथ्यालगतच्या कुरणांत उन्हाळा घालविणाऱ्या हरिणांची, ती हिवाळ्यासाठी खोऱ्यांत उतरण्यापूर्वी केली जाणारी शिकार. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात हा शिकारीचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो. तो मुख्यत्वे ‘विल्डरनेस’ म्हणजे कायद्याने मूळ नैसर्गिक अवस्थेत राखलेल्या, रस्तेविरहित वन्यप्रदेशांत चालतो. या शिकारीचे यश नेमबाजीपेक्षा क्षेत्राच्या निवडीवर अधिक अवलंबून असते. तेथे हरणे आहेत किंवा नाहीत, एवढाच या निवडीतील प्रश्न नसतो. मारलेल्या जनावराचे मांस खराब होण्यापूर्वी तेथून बाहेर आणता येईल काय, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा असतो.

प्राणी व त्याचे ऋतुमानानुसार स्थलांतर : या शिकारीतील प्रमुख प्राणी म्हणजे म्यूल हरिण (ओडोकॉयलियस हेमिओनस). खेचरासारख्या लांब कानांमुळे त्यास हे नाव पडले. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सामान्यतः ५५ ते १५० किग्रॅ. असते. त्याची शिंगे दुभंगत वाढतात आणि दरवर्षी हिवाळ्याच्या उत्तरार्धात गळून पडतात. संकटाची चाहूल लागताच चारही पाय एकदम उचलून उसळ्या घेत पळण्याची त्याची लकब वैशिष्ट्यपूर्ण आहे. पॅसिफिक किनाऱ्याकडील दमट अरण्यांत याच जातीची ‘काळ्या शेपटीचे हरिण’ ही उपजाती आढळते.

म्यूल हरिण निकृष्ट गवतावर गुजराण करू शकत नाही. त्यास कोवळा पाला व रुंद पानांच्या ओषधी यांसारखा सकस चारा लागतो. उन्हाळ्यात खालची खोरी वाळू लागतात, तेव्हा असा चारा बर्फ नुकताच वितळलेल्या उंच उतारांवर मिळतो. त्यामुळे वसंत ऋतूच्या अखेरीस हरणे वर चढतात. मोठे नर बहुधा लहान कळप करून सर्वांत उंच द्रोणाकार खोलगटांत राहतात. सप्टेंबरच्या पूर्वार्धात शिंगांवरील मखमली त्वचा झडते. त्यानंतर नर उघड्या कुरणांतून झाडीच्या कडेला सरकतात आणि दिवसा कमी दिसू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील हिमवर्षावाबरोबर सर्व कळप खाली उतरतात. समागमाचा काळ प्रामुख्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये असतो. उच्च पर्वतीय शिकारीचा हंगाम या चक्रातील सप्टेंबरच्या अल्पकाळात बसविलेला असतो.

कायदेशीर पार्श्वभूमी : वन्यप्रदेश राखून ठेवण्याच्या कल्पनेचा शिकारीशी प्रारंभापासून संबंध आहे. वनाधिकारी व निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड यांनी १९२१ मध्ये अशा प्रदेशाची कल्पना मांडताना कायदेशीर शिकार व मासेमारी यांना मोकळीक असणे, तसेच ओझ्याची जनावरे घेऊन दोन आठवडे प्रवास करता येईल इतका विस्तार असणे, या गोष्टी गृहीत धरल्या होत्या. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९२४ मध्ये न्यू मेक्सिको राज्यातील हिला हा पहिला वन्यप्रदेश प्रशासकीय आदेशाने राखण्यात आला. पुढे ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वन्यप्रदेश अधिनियमावर स्वाक्षरी केली. त्या वेळी ५४ क्षेत्रांतील सु. ३७ लाख हेक्टर भूमीला संरक्षण मिळाले. नंतर या क्षेत्रांची संख्या ८०० च्या वर गेली व त्यांचा एकूण विस्तार सु. ४.५ कोटी हेक्टर झाला. त्यांपैकी निम्म्याहून अधिक भूमी अलास्कात आहे.

या प्रदेशांत कायमचे रस्ते, मोटारवाहने, यांत्रिक अवजारे आणि चाकांची वाहतूक साधने यांना सामान्यतः मनाई असते. सायकल किंवा शिकार वाहून नेण्याची दुचाकी ढकलगाडीही तेथे चालत नाही. वाटेवर पडलेली झाडे कापण्यासाठी यांत्रिक करवत वापरता येत नसल्याने ती दोन माणसांनी ओढावयाच्या हातकरवतीने कापावी लागतात. परिणामतः नकाशावर दिसणारी वाट प्रत्यक्षात पडझडीने अडलेली असू शकते.

येथे दोन शासनसंस्थांचे अधिकार एकत्र येतात. भूमी संघराज्याची असून तिची व्यवस्था वनसेवा वा तत्सम संघीय विभाग पाहतात. शिकारीचे हंगाम, परवाने व मर्यादा मात्र राज्यशासन ठरविते. राष्ट्रीय वनांतील बहुतेक वन्यप्रदेशांत शिकारीस मुभा असते, परंतु बहुतेक राष्ट्रीय उद्यानांत ती निषिद्ध असते. ही दोन्ही क्षेत्रे अनेक ठिकाणी एकमेकांस लागून असल्यामुळे सीमारेषेचे अचूक ज्ञान आवश्यक ठरते.

वॉशिंग्टन राज्यातील क्षेत्रे : क्षेत्रनिवडीचे उत्तम उदाहरण वॉशिंग्टन राज्यात मिळते. तेथे १५ ते २५ सप्टेंबर या काळात काही ठरावीक उंच क्षेत्रांपुरता रायफलीने शिकार करण्याचा हंगाम असतो. पसेटन, ग्लेशियर पीक, आल्पाइन लेक्स, हेन्री एम. जॅक्सन आणि ऑलिंपिक द्वीपकल्पावरील वन्यप्रदेश, तसेच शेलॅन सरोवर राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्र यांचा त्यांत समावेश होतो. म्यूल हरिणाच्या ज्या नराच्या एका बाजूच्या शिंगास किमान तीन टोके असतील, तोच मारता येतो.

या क्षेत्रांतील मूळ भेद कॅस्केड पर्वताच्या कण्यामुळे निर्माण झाला आहे. पॅसिफिक महासागरावरून येणारे बाष्पयुक्त वारे पश्चिम उतारावर विपुल पाऊस पाडतात. तेथील अरण्ये दाट असून त्यांत काळ्या शेपटीची हरणे राहतात. पूर्व उतार पर्जन्यछायेत असल्याने विरळ झाडीचा व खुल्या कुरणांचा आहे. तो म्यूल हरणांचा प्रदेश होय. पर्वतकण्यालगत दोहोंचा संकर झालेला आढळतो. दुर्बिणीने दूरवरून उतार न्याहाळणे हा या शिकारीचा पाया असल्याने पूर्वेकडील मोकळा प्रदेश सामान्यतः अधिक सोयीचा ठरतो.

पसेटन वन्यप्रदेश १९६८ मध्ये राखण्यात आला. त्याचे क्षेत्रफळ सु. २,१४० चौ. किमी. असून उत्तरेस तो कॅनडाच्या सीमेस भिडतो. त्याच्या नैर्ऋत्येकडील हार्ट्स खिंडीपर्यंत (सु. १,८९० मी.) मोटाररस्ता जातो. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) आहे, त्याहूनही ही खिंड उंच आहे. मोटारीनेच एवढी उंची गाठता येत असल्याने चढाईचे श्रम वाचतात, पण त्याच कारणाने खिंडीच्या परिसरात शिकाऱ्यांची गर्दी होते. ग्लेशियर पीक वन्यप्रदेश (सु. २,२९० चौ. किमी.) त्याच नावाच्या ३,२१३ मी. उंचीच्या ज्वालामुखीभोवती पसरला असून तेथे खोल दऱ्यांतून दीर्घ चढ चढावा लागतो. आल्पाइन लेक्स (१९७६ मध्ये स्थापना, २०१४ मध्ये विस्तार) हा ७०० हून अधिक तळी व जलाशय असलेला प्रदेश सिॲटल शहरास जवळ आहे. त्यामुळे सप्टेंबरमध्ये तेथे पदभ्रमण करणाऱ्यांची वर्दळ असते व गोळी झाडताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते. शेलॅन सरोवराच्या वरच्या टोकाकडील स्टीहीकिन या वस्तीस बाहेरून येणारा रस्ताच नाही. तेथे नावेने, जलविमानाने किंवा पायी जावे लागते.

अधिवासाची पारख : नकाशावर प्रथम वृक्षरेषेलगतचे द्रोणाकार खोलगट हेरले जातात. कॅस्केडच्या पूर्व बाजूस वृक्षरेषा साधारणतः २,००० मी. च्या आसपास असते. उत्तम ठिकाणी चारा, पाणी आणि दिवसा विसाव्यासाठी सावली ही तिन्ही एकमेकांजवळ असतात. उत्तराभिमुख उतारांवर हिम उशिरा वितळत असल्याने चारा अधिक काळ हिरवा राहतो, तर लार्च व फर या वृक्षांच्या राया आसरा देतात. वाऱ्याचाही विचार करावा लागतो. स्थिर हवामानात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन चढल्यावर तापलेली हवा वर जाऊ लागते. म्हणून सकाळी उशिरा हरिणाकडे वरच्या अंगाने जाणे हितावह असते, कारण मनुष्याचा गंध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

वणव्यांचा परिणाम दुहेरी असतो. जळलेल्या उतारांवर काही वर्षांत झुडुपे व ओषधी वाढून हरणांना मुबलक चारा मिळतो. पसेटनच्या परिसरात २००६ मधील ट्रायपॉड वणव्याने सु. ७०० चौ. किमी. क्षेत्र होरपळले. परंतु उभी वाळलेली झाडे वाऱ्याने कोसळून तळ ठोकलेल्यांच्या जिवावर बेतू शकते. शिवाय उन्हाळी चाऱ्यात भर पडली, तरी हिवाळी अधिवास नष्ट झाल्यास कळप घटतो. मेथाउ खोऱ्याच्या परिसरात २०१४ मध्ये पेटलेल्या कार्लटन वणव्याने सु. १,००० चौ. किमी. भूमी व्यापली. त्यात हिवाळ्यातील महत्त्वाचे खाद्य असलेली बिटरब्रशची झुडुपे मोठ्या प्रमाणावर जळाली. ही झुडुपे पुन्हा वाढण्यास दीर्घ काळ लागतो. म्हणून उंचावरील कुरणाचा अंदाज घेताना तेथील हरणे हिवाळा कोठे घालवितात, हेही पाहणे आवश्यक असते. हे अंतर फार मोठे असू शकते. वायोमिंग राज्यात रेड डेझर्ट ते होबॅक खोरे असे सु. २४० किमी. स्थलांतर करणारा म्यूल हरणांचा कळप संशोधकांना आढळला असून त्याविषयीचा अहवाल २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

अंतर व मांसवाहतूक : क्षेत्राची खरी मर्यादा मांस वाहून आणण्याच्या क्षमतेने ठरते. मोठ्या नराचे हाडे काढलेले मांस ३० किग्रॅ. किंवा त्याहून अधिक भरते. त्याशिवाय तंबू, अंथरूण, अन्न व बंदूक यांचे ओझे असते. हे सर्व एका खेपेत आणणे एकट्या माणसास बहुधा शक्य नसते. दोन खेपा केल्यास मूळ अंतराच्या तिप्पट आणि तीन खेपा केल्यास पाचपट चाल पडते. रस्त्यापासून १६ किमी. आत शिकार केल्यास दोन खेपांना ४८ किमी. व तीन खेपांना ८० किमी. चालावे लागते. हेच अंतर ५ किमी. असल्यास चाल अनुक्रमे १५ व २५ किमी. इतकी होते.

सप्टेंबरमध्ये रात्री गारठा असला, तरी दुपारचे ऊन कडक असते. जनावर पडताच त्याची आतडी व कातडी काढून मांस थंड करावे लागते. मग ते माश्यांपासून बचाव करणाऱ्या कापडी पिशव्यांत घालून वारा लागेल अशा सावलीत टांगतात. एवढे करूनही उष्ण हवेत ते फार काळ टिकत नाही. खाण्याजोगे मांस वाया जाऊ देणे हा वॉशिंग्टनच्या कायद्याने गुन्हा आहे. जनावर रानातच कुजले, तर केवळ शिंगांसाठी एक जीव घेतला असा त्याचा अर्थ होतो. म्हणून एकट्याने पायी जाणाऱ्यास रस्त्यापासून काही तासांच्या चालीतील क्षेत्र योग्य ठरते. दूरच्या क्षेत्रासाठी सोबती किंवा ओझ्याचे घोडे व खेचरे लागतात. जनावरे न्यावयाची झाल्यास त्यांच्यासाठी पाणी, चराई आणि त्यांना पेलवेल अशी वाटही पाहावी लागते.

रस्त्यांची स्थितीही बदलत असते. ऑक्टोबर २००३ मधील पुरात ग्लेशियर पीककडे जाणारा सुॲटल नदीचा रस्ता वाहून गेला, तो पूर्ण लांबीने २०१४ मध्ये पुन्हा खुला झाला. जुन्या नकाशावर विसंबणाऱ्यास मधल्या काळात बरेच अधिक अंतर तोडावे लागले असते. उंचावर सप्टेंबरमध्येही अकस्मात हिमवर्षाव होतो. ओले कपडे, वारा व थकवा यांमुळे शरीराचे तापमान घातक पातळीपर्यंत उतरू शकते. सबब परतीची पर्यायी वाट आणि वृक्षरेषेखालील आश्रयस्थान आधीच हेरून ठेवतात. अस्वलांमुळे अन्न व मांस तळापासून दूर ठेवतात.

अन्य राज्यांतील नियम : क्षेत्र भौगोलिक दृष्ट्या कितीही उत्तम असले, तरी परवाना मिळत नसल्यास त्याचा उपयोग नाही. कोलोरॅडोमध्ये १९९९ पासून हरणांचे सर्व परवाने मर्यादित संख्येने दिले जातात. त्यासाठी अर्ज करावे लागतात आणि मागणीच्या क्षेत्रांत परवाना न मिळालेल्या वर्षांचे गुण साठवीत प्रतीक्षा करावी लागते. फ्लॅट टॉप्स, वेमिन्यूच (दोन्ही १९७५) हे तेथील विस्तृत वन्यप्रदेश होत. वायोमिंगमध्ये परराज्यातील शिकाऱ्यास वन्यप्रदेशात मोठ्या प्राण्यांची शिकार करताना परवानाधारक वाटाड्या किंवा परवाना घेतलेला स्थानिक रहिवासी सोबत घ्यावा लागतो. हरणांच्या मेंदूचा नाश करणारा व प्राणघातक असा ‘क्षयकारी रोग’ १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला. २०२४ मध्ये तो वॉशिंग्टन राज्यातही आढळला. त्यामुळे बाधित भागांतून मांस व हाडे नेण्यावर बंधने आली असून हे नियमही आधी पाहावे लागतात.

निवडीचा क्रम : सामान्यतः प्रथम परवाना व सीमा, नंतर अधिवास, त्यानंतर अंतर व वाट आणि शेवटी पर्यायी क्षेत्र असा विचार केला जातो. समोच्चरेषा-नकाशे व उपग्रहचित्रे यांवरून तीनचार ठिकाणे निवडून उन्हाळ्यात त्यांची प्रत्यक्ष पाहणी करतात. जुलै-ऑगस्टमध्ये दिसलेले नर सप्टेंबरमध्ये त्याच खोलगटात, पण झाडीच्या आड असण्याचा संभव असतो. अतिदुर्गम क्षेत्रच सर्वोत्तम ही समजूत मात्र चुकीची आहे. गर्दी टळेल इतके दूर आणि मांस सुस्थितीत बाहेर येईल इतके जवळ, या दोहोंमधील पट्टा प्रत्येकाच्या शक्तीप्रमाणे वेगळा असतो. तो ओळखणे हेच निवडीचे सार होय.

भारतात अशा शिकारीस स्थान नाही. १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांन्वये सांबर, चितळ इ. हरणांची मनोरंजनार्थ शिकार निषिद्ध आहे. अमेरिकेत मात्र बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न १९३७ च्या एका कायद्यानुसार राज्यांना वन्यजीव-संवर्धनासाठी दिले जाते. कळपांचे व्यवस्थापन मर्यादित शिकारीच्या आधारे केले जाते. शिकाऱ्याने क्षेत्र निवडताना बाळगलेला संयम या व्यवस्थेत गृहीत धरलेला आहे.