ॲक्सिलरेटर दिला की गाडी थरथरते? आधी हे तपासा

ॲक्सिलरेटरवर पाय दिला की गाडी थरथरते आणि पाय काढला की गप्प होते. जीप, पिकअप किंवा कार वापरणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. मग आपण काय करतो? 'रस्ताच खराब आहे' म्हणून महिनाभर ढकलतो, नाहीतर गाडी गॅरेजला लावून 'बघा काय ते' म्हणतो आणि मोकळे होतो. दोन्ही गोष्टी महागात पडतात.

आमचेच सांगतो. भाजीपाला भरून बाजाराला जाताना जीपला हादरे बसू लागले. गॅरेजवाल्याने पुरते ऐकून न घेताच नोझल उतरवली. पैसे गेले, दोन दिवस गेले, हादरे तसेच. दुसऱ्या मिस्त्रीने एवढेच विचारले, "उभ्या गाडीत रेस दिली तर थरथरते का?" नाही म्हटल्यावर तो बॅटरी घेऊन गाडीखाली शिरला. प्रॉपेलर शाफ्टचा क्रॉस ग्रीसवाचून कोरडा पडून झिजला होता. दोष तिथे होता, खर्च दुसरीकडेच झाला.

तीन साध्या परीक्षा

पहिली : गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, न्यूट्रलवर रेस वाढवा. इथेही थरथरली तर दोष इंजिनात किंवा इंजिनाच्या माउंटिंगमध्ये.

दुसरी : मोकळ्या, सरळ रस्त्यावर हादरे सुरू झाले की ॲक्सिलरेटर सोडा. हादरे लगेच थांबले तर जोर ज्यावर येतो तिथे बघा : इंजिन, क्रॉस, एक्सलचे जॉइंट. हादरे चालूच राहून वेगाबरोबर कमी झाले तर बहुधा चाक-टायर.

तिसरी : फक्त पहिल्या गिअरमध्ये उचलतानाच थरथरते का? मग क्लच प्लेट, माउंटिंग किंवा दोन तुकड्यांच्या शाफ्टचे मधले बेअरिंग.

चाके : फुकटचा इलाज

काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात हा दोष फार. रिमच्या आतल्या बाजूला चिखल बसतो, वाळतो, चाकाचा तोल जातो आणि ६० ते ८० च्या वेगाला गाडी हादरते. आधी चारही रिम आतून धुवा. तरीही राहिले तर व्हील बॅलन्सिंग करून घ्या. टायरवर हात फिरवून कुठे फुगा आला आहे का बघा. फुगा असेल तर तो टायर त्याच दिवशी काढा.

पंक्चर काढल्यावर थरथर सुरू झाली असेल तर थांबा आणि नट तपासा. सैल नटाने चाक निघून जीव जाऊ शकतो. नट समोरासमोरचे आवळायचे, ओळीने नाही. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा पाना लावायचा.

डिझेल आणि पेट्रोल

डिझेल गाडी गचके देत असेल तर इंधनात पाणी किंवा पाइपात हवा, हे दोन संशय आधी. आपण मोटारीसाठी, ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये डिझेल साठवतो, तेच गाडीत ओततो. ड्रमच्या तळाला पाणी साचते. फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणी काढा, मग हातपंप मारून हवा काढा. फिल्टर जुना असेल तर बदलाच.

जुन्या इंजिनात एकेक नोझलचा पाइप सैल करून 'कुठला सिलिंडर मरतो' ते बघायची पद्धत होती. कॉमन रेल इंजिनात तसे मुळीच करू नका. तिथे डिझेलचा दाब १००० बारच्या वर जातो. ती धार कातडीत घुसते.

पेट्रोल गाडी चढाला थरथरत असेल तर स्पार्क प्लग, कॉइल, एअर फिल्टर बघा. डॅशबोर्डवरचा इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरची वाट लावते, आणि तो भाग भारी किमतीचा.

गाडीखाली काय बघाल?

इंजिन बंद, चाकांना दगड. जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नका. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट हाताने दोन्हीकडे पिळा. क्रॉसमध्ये खडखड लागली किंवा टोपीजवळ तांबूस भुकटी दिसली तर क्रॉस गेला. शाफ्ट उतरवण्याआधी दोन्ही तोंडांवर खूण करायला मिस्त्रीला सांगा. उलटसुलट बसला तर नवा क्रॉस घालूनही थरथर राहते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या कारमध्ये एक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस उडाले आहे का बघा. बूट वेळेवर बदलला तर थोडक्यात भागते, जॉइंट गेला की खर्च वाढतो.

सरकारी गाडी असली तरी

ग्रामपंचायतीचा टँकर असो की आरोग्य केंद्राची गाडी, 'दुरुस्ती केली' एवढे लिहून भागत नाही. किती वेगाला, भरलेली की रिकामी, चढाला की सपाटीला थरथरली, ते चालकाने लॉगबुकात लिहावे. तेच मिस्त्रीला वाचून दाखवावे. बदललेला जुना भाग मागून घ्यावा, मगच बिल मंजूर करावे. घरच्या गाडीलाही हाच नियम लावा.

ऊसतोड आणि लग्नसराई सुरू झाली की गाडीला उसंत मिळत नाही. त्याआधी एक सकाळ काढा, रिम धुवा, क्रॉसला ग्रीस मारा आणि नटांना पाना लावा.