सेंद्रिय शेती व दुग्धव्यवसाय : अनुदान पदरी कसे पडेल?

रासायनिक खते बंद केली म्हणजे शेत लगेच सेंद्रिय ठरत नाही. आरंभीच्या एकदोन हंगामांत उत्पन्न बहुधा घटते आणि प्रमाणपत्र हाती नसल्याने मालास वाढीव भावही मिळत नाही. शेतकरी माघार घेतो तो याच काळात. हा अवघड काळ निभावून नेता यावा, हाच सरकारी अनुदानाचा मुख्य हेतू होय.

केंद्र सरकारने २०१५-१६ साली परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. ती शेतकऱ्यांच्या गटांमार्फत राबविली जाते. सुधारित सूचनांनुसार तीन वर्षांत मिळून हेक्टरी ३१,५०० रुपयांचे साहाय्य आहे. पैकी १५,००० रुपये सेंद्रिय खते व इतर निविष्ठांकरिता थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा होतात; उरलेली रक्कम प्रशिक्षण, प्रमाणीकरण, विक्रीव्यवस्था इत्यादी बाबींसाठी असते. एका शेतकऱ्यास दोन हेक्टरांपर्यंतच लाभ मिळतो.

याचा एकरी हिशेब वर्षाला सरासरी सुमारे २,००० रुपये असा पडतो. एवढ्या रकमेत विकतच्या बाटल्यांवर शेती चालणार नाही. शेणखत, गांडूळखत, गोमूत्र, ताग व धैंचा यांचे हिरवळीचे खत ही साधने घरच्या घरी सिद्ध करावीत. सर्व क्षेत्र एकदम न बदलता घरच्या शेणखतास पुरेल एवढ्याच क्षेत्रापासून आरंभ करणे इष्ट होय.

प्रमाणीकरण सहभागी हमी पद्धतीने होते. स्थानिक गटात किमान पाच शेतकरी असावे लागतात व सभासद एकमेकांच्या शेताची तपासणी करतात. पीक पिवळे दिसताच कोणी गुपचूप युरिया टाकला, तर केवळ त्याचेच नव्हे, साऱ्या गटाचे नाव जाते. म्हणून पेरणी, खत, फवारणी व काढणी यांची नोंद तारीखवार त्याच दिवशी वहीत करावी.

दुधाच्या अनुदानातही नोंदीचेच महत्त्व दिसून आले. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली गाईच्या दुधास ठराविक कालावधीसाठी लिटरमागे ५ रुपये आणि पुढे ऑक्टोबरपासून ७ रुपये अनुदान दिले. रोज १० लिटर दूध घालणाऱ्यास ५ रुपयांच्या दराने ३० दिवसांचे १,५०० रुपये होत. त्यासाठी गाईच्या कानात १२ अंकी बिल्ला, संगणकावर तिची नोंद आणि आधारशी जोडलेले बँक खाते आवश्यक होते. ती मुदत संपली असली तरी धडा कायम आहे : योजना जाहीर झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा जनावरांची नोंद आधीच पूर्ण असावी.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक लाभार्थ्याच्या बाबतीत पुढील गोष्टी पडताळून पाहाव्यात : सात-बारावरील, आधारवरील व बँकेतील नाव एकच आहे काय? खाते आधारशी जोडलेले व चालू आहे काय? शेतकरी ओळख क्रमांक काढला आहे काय? महाराष्ट्रात १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी तो आवश्यक करण्यात आला आहे. वारसाची नोंद राहिली असल्यास ती तलाठ्याकडे प्रथम करवून घ्यावी.

अनुदान तीन वर्षांनी थांबते. जमिनीत मुरलेले शेणखत मात्र पुढेही कामास येते. म्हणून आलेला पैसा घरखर्चात न जिरवता गोठा, खताचा खड्डा व बियाणे यांवर लावावा. तसे केल्यास चौथ्या वर्षी शेत आपल्या पायावर उभे राहू शकेल.