शिक्षणाच्या बदल्यात सैन्यसेवा

अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जो बायडेन यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये शैक्षणिक कर्जे अंशतः माफ करण्याची घोषणा केली, तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या काही लोकप्रतिनिधींनी एक वेगळाच आक्षेप घेतला. कर्जे माफ झाली तर तरुणांना सैन्याकडे आकर्षित करणारे एक प्रभावी साधन दुबळे होईल, असे त्यांचे म्हणणे होते. त्या वर्षी अमेरिकी भूदलाला भरतीचे उद्दिष्ट गाठण्यास सुमारे १५ हजार जवान कमी पडले होते. चिंता समजण्यासारखी होती. पण महाविद्यालयाचे शुल्क अनेकांना न परवडणे हे भरतीच्या पथ्यावर पडते, याची ती उघड कबुलीही होती.

ही सवलत मुळात भरतीसाठी जन्माला आली नव्हती. ‘जीआय बिल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष रूझवेल्ट यांनी २२ जून १९४४ रोजी स्वाक्षरी केली, तेव्हा बहुसंख्य सैनिक सक्तीच्या भरतीने आधीच रणांगणावर पोहोचलेले होते. १९५६ पर्यंत सुमारे ७८ लाख माजी सैनिकांनी या कायद्याखाली शिक्षण वा प्रशिक्षण घेतले. (दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकांच्या हाती त्यातले फार थोडे लागले, हे या गौरवकथेत सहसा सांगितले जात नाही.) ती झालेल्या सेवेची परतफेड होती. १९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि परतफेडीचे रूपांतर आगाऊ सांगितलेल्या किमतीत झाले.

२००८ मध्ये सवलती वाढवणारा नवा कायदा आला, तेव्हा ही किंमत किती ठेवावी याचा हिशेब चारचौघांत मांडला गेला. संसदेच्या अर्थसंकल्पविषयक कार्यालयाचा अंदाज होता की भरती १६ टक्क्यांनी वाढेल, पण शिकण्यासाठी सैनिक बाहेर पडल्याने पुनर्नियुक्तीही तेवढीच घटेल. मग तोडगा निघाला: आणखी काही वर्षे सेवेची हमी देणाऱ्याला ही सवलत पत्नीच्या वा मुलांच्या नावे करता येईल. जे आमिष होते, तेच दावेही झाले.

यात गैर काय, असा प्रश्न रास्तच आहे. ऐपत नसलेल्या घरातील मुलाला पदवी मिळते. ती वाट बंद करून त्याचे कोणते भले होणार? भरती होणारे सगळे दरिद्री असतात हेही खरे नाही. बहुतेक जण मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांतून येतात. शिवाय ग्रामीण सेवेचे बंधपत्र डॉक्टरांकडूनही लिहून घेतले जाते.

मात्र डॉक्टरला दंड भरून बंधपत्रातून सुटता येते. सैनिकाला अर्ध्यावर राजीनामा देता येत नाही, आणि त्याच्या करारात मरण्या-मारण्याची शक्यता गृहीत धरलेली असते. अमेरिकेत पालकांच्या संमतीने सतराव्या वर्षी भरती होता येते. राखीव दलातील काळ धरून एकूण बांधिलकी साधारणतः आठ वर्षांची असते, आणि सन्मानपूर्वक सेवामुक्ती मिळाली नाही तर शैक्षणिक लाभ हातचा जातो. जाहिरातीत पदवीदानाचा झगा दिसतो. या अटी दिसत नाहीत. सरकारी अनुदान घेणाऱ्या माध्यमिक शाळांनी, पालकांनी हरकत घेतली नसेल तर, विद्यार्थ्यांची नावे, पत्ते व दूरध्वनी क्रमांक भरती अधिकाऱ्यांना द्यावेत, ही तरतूद तर तेथील शालेय शिक्षण सुधारण्याच्या कायद्यातच करण्यात आली. संमती खरी ठरायची तर नकार देणाऱ्यालाही शिक्षणाची दुसरी वाट परवडली पाहिजे.

भारतात जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेनंतर हा प्रश्न आपल्याही दाराशी आला आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रात अग्निवीरांच्या तुकड्या घडत आहेत. येथे शिक्षण हे मुख्य आकर्षण नाही. रांगा लागतात त्या नोकरीसाठी. पण दहावी उत्तीर्ण होऊन आलेल्यास बारावीचे प्रमाणपत्र आणि इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची, निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणातून मिळणारी पदवी, ही आश्वासने योजनेसोबत आली. मूळ तरतुदीनुसार चार वर्षांनंतर चारांपैकी तिघांना बाहेर पडायचे आहे: हाती सुमारे ११.७१ लाखांचा सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. अशा तरुणाच्या पदवीला बाहेरचा नोकरदाता किती मोल देतो, यावर त्या आश्वासनाचा खरेपणा ठरेल. पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून भरू लागतात.