घोळाणा : परसातील भाज्यांचे स्वस्त व सकस खाद्य

बीड जिल्ह्याचा बराच भाग अवर्षणप्रवण आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी व डाळ हे येथील कुटुंबाचे मुख्य अन्न होय. हिरवा भाजीपाला बाजारातून रोज आणणे प्रत्येकास परवडत नाही. या उणिवेची झळ स्त्रिया व मुलांना अधिक लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला.

बाजरी, डाळी व पालेभाज्या यांत लोह असते. परंतु वनस्पतिज अन्नातील लोह शरीरात सहज शोषले जात नाही. त्याच जेवणात 'क' जीवनसत्त्व असल्यास हे शोषण वाढते. हे जीवनसत्त्व शिजविल्याने बरेचसे नष्ट होते. म्हणून मराठवाड्यात पूर्वापार चालत आलेला कच्च्या पाल्याचा घोळाणा भाकरीबरोबर असणे हिताचे आहे.

लागवड : परसात पाणी मिळेल अशा जागी दोन-तीन लहान वाफे करावेत व त्यांत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. रब्बी हंगामात मेथी, कोथिंबीर, मुळा, गाजर व कांदा घ्यावा. मेथी एकदम न पेरता आठ-दहा दिवसांच्या अंतराने थोडी थोडी पेरावी, म्हणजे कोवळा पाला सतत मिळतो. मेथी सुमारे महिन्याभरात काढणीस येते. कुंपणाकडेला कागदी लिंबाचे एक झाड असावे.

कृती : पाच माणसांसाठी मेथीची एक लहान जुडी, दोन कांदे पातीसह, एक मुळा व एक गाजर घ्यावे. भाज्या प्रथम धुवाव्यात व नंतर चिराव्यात. चिरून धुतल्यास सत्त्व पाण्याबरोबर जाते. त्यात मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचे कूट, थोडे तिखट व दोन चमचे करडईचे तेल घालावे. तेलामुळे गाजर व पाल्यातील 'अ' जीवनसत्त्वाचे घटक शरीरास लागू पडतात. मीठ व लिंबाचा रस जेवावयास बसतानाच घालावा, अन्यथा पाला पाणी सोडतो.

दक्षता : कच्च्या खावयाच्या भाज्यांना मोरीचे किंवा गटाराचे पाणी व ताजे शेण कदापि घालू नये. भाज्या पिण्याच्या स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवाव्यात. औषध फवारलेल्या शेतातील पाला खाऊ नये. जेवणाबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण कमी होते, तोही टाळावा. रक्तक्षय झालेल्या व गर्भवती स्त्रियांनी आरोग्य केंद्रातील गोळ्या चालू ठेवाव्यात. घोळाणा हा औषधोपचारास पर्याय नाही.

ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांना कोपीवर वाफे करणे कठीण असते. त्यांनी निदान कांदा व लिंबू जवळ ठेवावे. गावी राहणाऱ्या वृद्धांना व मुलांना मात्र घरचा वाफा सांभाळता येईल. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अंगणवाडीच्या आवारात असा एक वाफा करून तेथेच घोळाणा तयार करून दाखवावा. प्रत्यक्ष चव घेतल्यावर अधिक सांगण्याची गरज उरणार नाही.