पटकीच्या जंतूचे दोन विषाणू

1896 मध्ये आग्र्यात काम करणाऱ्या अर्नेस्ट हॅनकिन यांनी एक नोंद केली. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू टाकले, तर ते काही तासांत मरत. पाणी उकळले की हा गुण नाहीसा होई. कारण त्यांना उमगले नाही. पुढे 1915 मध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट आणि 1917 मध्ये फेलिक्स डेरेल यांना जिवाणूंचा फडशा पाडणारे विषाणू सापडले. डेरेल यांनी त्यांना बॅक्टेरिओफाज म्हटले, आणि 1927 मध्ये ते पटकीवर फाजचा उपाय करून पाहायला भारतात आले. हॅनकिन यांच्या पाण्यातही फाजच असावेत, असे अनेकांना वाटते.

फाज जिवाणूला कसा मारतो, ते टी-4 वरून कळते. टी-4 हा आपल्या आतड्यातल्या ई. कोलाय या जिवाणूवर जगणारा फाज. तो पायांनी जिवाणूला चिकटतो, शेपटी आखडते आणि डोक्यातला डीएनए आत जातो; कवच बाहेरच राहते. मग जिवाणूचीच यंत्रणा नवे फाज घडवू लागते. साधारण अर्ध्या तासात पेशी फुटते आणि शंभराहून अधिक फाज बाहेर पडतात.

सगळेच फाज असे मारेकरी नसतात. काही आपला डीएनए जिवाणूच्या डीएनएत गुंफून पिढ्यानपिढ्या राहतात. मला सर्वांत विलक्षण वाटतो तो सीटीएक्स-फाय. दोऱ्यासारखा हा फाज पटकीच्या जंतूला मारत नाही, उलट विषाची जनुके देतो. 1996 मध्ये वॉल्डर आणि मेकालानोस यांनी हे दाखवले. रोग्याच्या शरीरातले पाणी ज्या विषामुळे जुलाबांवाटे निघून जाते, ते मुळात या विषाणूचे देणे आहे.

अशा पसाऱ्याचे वर्गीकरण कशावरून करायचे? कित्येक दशके सूक्ष्मदर्शकाखालचे रूप पाहिले गेले. आखडणारी शेपटी, लांब न आखडणारी आणि आखूड, अशी शेपटीवाल्यांची तीन मोठी कुळे होती. पण पगडी सारखी म्हणून कोणी भाऊबंद ठरत नाही. जनुकांचा क्रम वाचता येऊ लागल्यावर एकाच कुळातले फाज परस्परांपासून फार दूरचे निघाले. अखेर 2022 मध्ये विषाणूंचे वर्गीकरण ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने ती तिन्ही कुळे रद्द केली. आता नाते जनुकांवरून ठरते. मला हा बदल उशिराचा, पण अगदी योग्य वाटतो.

औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर फाज वापरण्याचे प्रयत्न आता पुन्हा जोरात आहेत. तिथेही फाज निवडताना त्याचा पूर्ण जनुकक्रम वाचतात; तो जिवाणूत मुक्काम करणारा निघाला किंवा त्यात विषाचे जनुक आढळले, तर तो बाजूला ठेवतात.