बेसबॉल कार्डाची किंमत ॲप सांगतं, पण नक्की कुठल्या कार्डाची?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लेखी स्वरूपात.

प्रश्न आलाय न्यू जर्सीत राहणाऱ्या एका श्रोत्याचा. शेजारचे आजोबा घर विकतायत. माळ्यावर मुलाच्या लहानपणीच्या बेसबॉल कार्डांचे चार खोके सापडले. एक व्यापारी सगळ्यांचे मिळून ठोक पैसे द्यायला तयार आहे. आता फोनवरच्या ॲपने खरी किंमत कळेल का?

कळेल, पण ॲप आतून काय करतं हे माहीत असेल तरच.

आधी थोडी पार्श्वभूमी. टॉप्स कंपनीचं १९५२ सालचं मिकी मँटलचं ३११ नंबरचं कार्ड २०२२ मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. अशी बातमी वाचली की प्रत्येकाला आपला खोका म्हणजे खजिना वाटतो. पण १९८० च्या दशकाचा शेवट आणि १९९० च्या सुरुवातीची काही वर्षं या काळाला संग्राहक ‘जंक वॅक्स’ म्हणतात. वॅक्स म्हणजे पाकिटाचा मेणकागद, आणि जंक का, तर कंपन्यांनी कार्डं इतकी छापली की आज बहुतेकांना जवळपास भावच नाही. माळ्यावरचे खोके बऱ्याचदा याच काळातले निघतात.

आता ॲपकडे वळू. कॉलेक्स, ल्युडेक्स अशी ॲप्स आहेत. तुम्ही फोटो काढता. ॲप कार्डाच्या कडा शोधून चित्र सरळ करतं, त्या चित्राचं आकड्यांच्या एका लांबलचक यादीत रूपांतर करतं आणि डेटाबेसमधलं सगळ्यात जवळचं चित्र शोधतं. मग त्या कार्डाचे आधीच्या विक्रीचे भाव दाखवतं. म्हणजे ‘हे कार्ड कशासारखं दिसतं’ एवढंच त्याला कळतं. गोची होते ती इथेच.

पहिली गोची, जुळी कार्डं. मँटलचं तेच कार्ड टॉप्सने १९८३ मध्ये पुन्हा छापलं. समोरून चित्र तेच. मूळ कार्ड २ पूर्णांक ५/८ बाय ३ पूर्णांक ३/४ इंच, आणि पुनर्मुद्रण अडीच बाय साडेतीन. पण फोटो सरळ करून ठरावीक मापात बसवला की आकारातला फरकच पुसला जातो! तिथे कॅमेऱ्यापेक्षा दहा रुपयांची पट्टी भारी. दुसरं उदाहरण १९८७ च्या टॉप्समधलं बॅरी बाँड्सचं ३२० नंबरचं कार्ड. साधं कार्ड ढिगाने मिळतं. ‘टिफनी’ आवृत्तीत चित्र तेच, पण कागद पांढरा, पृष्ठभाग चकचकीत आणि भाव कितीतरी जास्त. त्यामुळे ॲपने दिलेलं पहिलं उत्तर डोळे झाकून स्वीकारू नका. खालचे पर्याय उघडा, कार्डाची मागची बाजू बघा आणि नंबर ताडून पाहा.

दुसरी गोची, भाव. कोणी ईबेवर पाचशे डॉलर मागतोय म्हणजे किंमत पाचशे झाली नाही. ‘विकले गेलेले’ हा फिल्टर लावा. घासाघीस होऊन सौदा झाला असेल तर ईबेवर खरी रक्कम दिसेलच असं नाही. ती १३०पॉइंट नावाच्या साइटवर बघता येते. शेवटच्या पाच-सात विक्री घ्या, चढत्या क्रमाने लावा आणि मधली धरा. सरासरी नको, कारण एखाद्या हौशी माणसाची चढी बोली सगळं गणित बिघडवते.

तिसरी गोची, कार्डाची अवस्था. पीएसए ही कंपनी १९९१ पासून कार्डांना १ ते १० असा दर्जा देते. कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि छपाई मध्यभागी आहे का, हे त्यात बघतात. १९८९ च्या अपर डेकमधलं केन ग्रिफी ज्युनियरचं १ नंबरचं कार्ड घ्या. दर्जा १० मिळालेल्या प्रतीचा भाव सुट्या कार्डाच्या कित्येक पट असतो. ॲपने दर्जा १० चा भाव दाखवला आणि तुमच्या कार्डाचा कोपरा दुमडलेला असेल, तर तो आकडा तुमचा नाहीच. दर्जा लावायला फी पडते. फी वजा करूनही फायदा उरत असेल तरच कार्ड पाठवा.

मग चार खोक्यांचं करायचं काय? सगळी कार्डं स्कॅन करत बसू नका, अंगठा दुखेल.

एक, वर्षाप्रमाणे ढीग करा. वर्ष सापडत नसेल तर मागच्या आकडेवारीची शेवटची ओळ बघा. तिथे १९८६ असेल तर कार्ड बहुधा १९८७ चं.

दोन, १९८० च्या आधीची, नामवंत खेळाडूंची आणि त्यांच्या पदार्पणाची कार्डं बाजूला काढून प्लास्टिकच्या पाकिटात घाला. स्कॅनिंग आधी यांचंच.

तीन, ॲपच्या नोंदीत जागा लिहा. ‘खोका २, रांग ३’ एवढं पुरे. यादीत दिसणारं कार्ड हातात सापडत नसेल तर त्या यादीचा उपयोग काय?

चार, ॲपमध्ये सोय असेल तर यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवून ठेवा. ॲप उद्या बंद पडू शकतं.

राहिला व्यापारी. ॲपने दाखवलेली एकूण बेरीज आजोबांच्या हातात पडणार नाही. व्यापाऱ्याला कार्डं निवडायची, विकायची, कमिशन आणि टपालखर्च भरायचा. त्यामुळे त्याने बेरजेपेक्षा बरीच कमी रक्कम सांगितली म्हणून तो लबाडच, असं नाही. पण निवडलेली पाच-दहा कार्डं ठोक सौद्यातून बाहेर ठेवा आणि त्यांचा भाव वेगळा विचारा. उरलेल्या ढिगाला ठोक भाव चालेल. आणि घाई करू नका, यादी तयार होईपर्यंत होकार कळवू नका.

शेवटचं एक. यादी करताना ॲपमध्ये खातं आजोबांच्या ईमेलवर उघडा, तुमच्या नाही. कार्डं त्यांची आहेत, विकायची की नातवाला द्यायची हेही त्यांनीच ठरवायचंय. भेटू पुढच्या भागात!